न विचारता गोरं, न विचारता बारीक

मी सांगलीत लग्नाचे अल्बम बनवतो. फोटो काढणं कमी, कॉम्प्युटरसमोर बसणं जास्त, गेली सोळा वर्षं हेच काम. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो तो थेट पावसापर्यंत, आणि तेवढ्या महिन्यांत माझ्या स्क्रीनवरून जी माणसं सरकतात त्यातलं एकही माणूस जसं आत आलं तसं बाहेर जात नाही. फोटो उघडला की आधी एक बटण दाबायचं, त्याला आम्ही अॅक्शन म्हणतो, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या दहाबारा स्टेप्स एका दमात चालतात, कातडी गुळगुळीत होते, रंग एकदोन शेड वर जातो, डोळ्याखालचं काळं जातं. मग लिक्विफाय, म्हणजे फोटोतलं अंग पाहिजे तिथं आतबाहेर ढकलायचं टूल. हनुवटीखालचं आत, दंड आत, पोट आत, नवरदेवाचा खांदा थोडा बाहेर. नवरीच्या ब्लाऊजची बाही घट्ट असते आणि तिच्या कडेला दंडाला जो वळ पडतो ना, तो पुसायला मला चार सेकंद लागतात. मागे खांब असेल तर तो वाकणार नाही एवढं बघायचं, बस.

हे आम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणजे काही जण सांगतात, नवरीची आई हळूच जवळ येऊन 'दादा, जरा गोरी करून द्या की हो पोरीला' म्हणते, पण बहुतेक लोक काहीच बोललेले नसतात आणि तरी आम्ही करतो. कारण पलीकडच्या गल्लीतला करतो. कारण न केलेला फोटो आता लोकांना 'खराब आलाय' असा वाटायला लागलाय, मोबाईलच्या कॅमेऱ्यानंच सगळ्यांना ती सवय लावलीय.

माझं आजचं म्हणणं या 'न विचारता' बद्दल आहे, आणि ते नुसतं फोटोपुरतं नाहीये. गोरेपणाबद्दल, बारीक असण्याबद्दल आपल्याकडे लिहून येतं, अधूनमधून चांगलं येतं. पण असल्या फोटोंचा, जाहिरातींचा, रील्सचा परिणाम नवराबायकोच्या खोलीत काय होतो याच्यावर कुणी बोलत नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतंय कारण तिथलं नुकसान कुणाला दाखवता पण येत नाही.

याच्यावर लगेच एक उत्तर येतं की अहो लोक काय खुळे आहेत का, सगळ्यांना माहितीय फोटो एडिट केलेला असतो, हिरोचं पोट असं रोज नसतं, मग त्यात काय मनाला लावून घ्यायचं. हे उत्तर मला पटत नाही आणि ते का पटत नाही हे सांगायला मला स्वतःचीच गोष्ट सांगावी लागणार आहे.

आठवीत असताना माझ्या छातीला फुगवटा आला. पुढं कॉलेजला हॉस्टेलवर गेलो तेव्हाही तो होताच. पोरं काय काय बोलायची ते इथं लिहीत नाही, ज्यांना झालंय त्यांना माहितीय. खूप नंतर एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं की वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना हे होतं, हार्मोन्सची तात्पुरती वरखाली असते, बहुतेकांचं वर्षदोन वर्षांत जातं, काहींचं थोडं राहतं आणि त्यानं पुरुषपणात काडीचा फरक पडत नाही. हे एक वाक्य मला आठवीत कुणी सांगितलं असतं तर! पण कुणी सांगितलं नाही आणि मी बनियन काढणं बंद केलं. विहिरीत पोहायला जाणं बंद. नदीवर जाणं बंद. लग्न झालं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि लग्नानंतर जवळजवळ दोन वर्षं मी बनियन घालूनच झोपलो, लाईट बंद करूनच बायकोजवळ गेलो, तिचा हात छातीकडं आला की मी कूस बदलायचो. आणि दिवसभर मी काय करायचो, तर स्टुडिओत बसून नवरदेवांच्या छात्या सपाट करायचो. फोटो कसा खोटा होतो हे माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेला माणूस सांगलीत सापडला नसता, आणि त्या माहितीचा मला रात्री नऊनंतर शून्य उपयोग होता.

त्याच्यातलं खरं वाईट मला पुढं कळलं. एकदा काहीतरी किरकोळ कारणावरून भांडण झालं आणि ती रडत म्हणाली, 'मला माहितीय, तुम्हाला मी आवडत नाही. लाईट बंद करता ते माझं तोंड दिसू नये म्हणून ना?' मी बघतच राहिलो. ती सावळी आहे, तिच्या घरी तिला लहानपणापासून रंगावरून बोललेलं होतं, त्यामुळं अंधाराचा अर्थ तिनं तिच्या परीनं लावला होता. मी माझी छाती लपवत होतो आणि तिला वाटत होतं मी तिचा चेहरा टाळतोय. दोन वर्षं दोघं एकाच अंथरुणात आपापली लाज घेऊन झोपत होतो आणि दोघांनाही दुसऱ्याची लाज म्हणजे आपल्याला दिलेला नकार वाटत होता. शरीराची लाज ही ज्याची त्याची खासगी भानगड आहे असं जे म्हणतात ना, त्यांनी हे बघावं. ती एकट्यापुरती राहतच नाही, जोडीदार तिचं भाषांतर करतो आणि ते भाषांतर नेहमी चुकीचं असतं.

याला शास्त्रात 'स्पेक्टेटरिंग' असं नाव आहे. अमेरिकेतल्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या जोडीनं १९७० च्या सुमारास ते मांडलं, त्याचा आपल्या भाषेत अर्थ सांगायचा तर जवळीक चालू असताना माणूस त्यातून बाहेर पडून कोपऱ्यात उभा राहतो आणि स्वतःलाच बघायला लागतो. पोट दिसतंय का, मांडी कशी दिसतेय, आपल्याकडून नीट होतंय का. स्वतःचाच प्रेक्षक आणि स्वतःचाच परीक्षक. आणि शरीराचं असं आहे की ते परीक्षेत बसलं की घाबरतं, घाबरलं की रक्त हातापायाच्या स्नायूंकडं पळतं, छाती धडधडते, आणि ज्या गोष्टीला निवांतपणा लागतो ती गोष्ट होत नाही, पुरुषाला ताठरता टिकत नाही, बाईला ओलावा येत नाही. मग तेच पुरावा बनतं, की बघ, मला वाटतच होतं माझ्यात काहीतरी कमी आहे. पुढच्या वेळी भीती दुप्पट. यात अवयवाला कुठलाही रोग नसतो, लक्ष फक्त चुकीच्या जागी असतं, आणि ते लक्ष तिथं न्यायचं काम करणारा एक अख्खा धंदा आहे ज्यात माझा पण वाटा आहे.

हा धंदा कसा चालतो ते गोऱ्या रंगावरून चांगलं दिसतं. आपल्या लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' असा रकाना असतो आणि त्यात भरायला आपण 'निमगोरा' नावाचा शब्द तयार ठेवलाय, म्हणजे सावळी लिहायची लाज वाटते म्हणून अर्धी गोरी. १९७५ ला फेअर अँड लव्हली आलं आणि त्या लाजेला ट्यूब मिळाली. तीस वर्षं बायकांना विकून झाल्यावर २००५ मध्ये पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम आलं. आणि २०१२ मध्ये एक जाहिरात आली होती, क्लीन अँड ड्राय नावाच्या इंटिमेट वॉशची, काही जणांना आठवत असेल. नवरा पेपर वाचत बसलाय, बायकोकडं बघतच नाहीये, ती उदास. मग ती आंघोळीला जाते, गुप्तांगाचा रंग उजळवणारं ते वॉश वापरते आणि नवरा खूश. त्यावर आरडाओरड झाली, व्हायलाच पाहिजे होती. पण मला त्या जाहिरातीतली रचना महत्त्वाची वाटते, कारण नवराबायकोत बोलणं का थांबलंय याची हजार कारणं असू शकतात आणि त्यातलं एकही न विचारता तिनं सरळ बाईच्या सगळ्यात खासगी जागेकडं बोट दाखवलं. ज्या जागेबद्दल तोपर्यंत कुणी लाजलंच नव्हतं तिथं आधी लाज पेरली, मग तिच्यावर औषध विकलं.

जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेनं २०१४ मध्ये नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेला, लग्न न जमणारा असं दाखवायचं नाही. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीनं नावातलं फेअर काढून ग्लो केलं, त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं परदेशातल्या देशी बायकांच्या ऑनलाइन अर्जानंतर रंगाचा फिल्टर काढून टाकला. हे चांगलंच झालं, मी त्याला कमी म्हणत नाही. पण माझ्याकडच्या आया आता 'गोरी करा' च्या ऐवजी 'जरा ग्लो द्या' म्हणतात आणि मी रंग उजळायचा तोच स्लायडर तेवढाच सरकवतो.

पुरुषांचं तर बोलायलाच नको, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. रेल्वेच्या रुळाकडेच्या भिंती आठवा, एसटी स्टँडची मुतारी आठवा, 'गुप्त समस्या, निराश होऊ नका'. लैंगिक ताकद वाढवून देतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, सत्तर वर्षं झाली त्या कायद्याला, आणि त्या भिंती काही कोऱ्या झाल्या नाहीत, आता तर त्या मोबाईलमध्येच आल्यात. वीर्य गेलं म्हणजे ताकद गेली या भीतीनं आजारी पडणारी पोरं आपल्या देशात इतकी होती की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये त्याला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. त्या जुन्या भीतीवर आता व्हिडिओचा नवा थर बसलाय. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि पोरांचं लैंगिक शिक्षण पॉर्नवर व्हायला लागलं. तिथं दिसणारे पुरुष निवडून घेतलेले असतात, कॅमेरा खालून लावलेला असतो, चार तासांचं शूटिंग कापून वीस मिनिटं केलेलं असतं, हे कापाकापीचं काम मी रोज करतो म्हणून मला दिसतं, पण एकोणीस वर्षांच्या पोराला काय दिसणार? तो मोजपट्टी घेऊन बसतो. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त पुरुषांची, डॉक्टर-नर्सनी घेतलेली मापं एकत्र केली तेव्हा ताठरलेल्या लिंगाची सरासरी लांबी निघाली १३.१२ सेंटीमीटर, म्हणजे पाच इंचांहून थोडी जास्त. हा आकडा मी माझ्या स्टुडिओत कामाला असलेल्या पोरांना मुद्दाम सांगतो. पहिल्यांदा सांगितला तेव्हा एक जण काही न बोलता उठून बाहेर गेला, थोड्या वेळानं आत येऊन म्हणाला, 'दादा, हे खरंच डॉक्टर लोकांनी मोजलंय?' त्याच्या आवाजात जी सुटका होती ती मी विसरणार नाही.

आमच्या भागाबद्दल एक गोष्ट मला फार जाणवते. सांगली-कोल्हापूर म्हणजे तालमींचा मुलूख. आमच्या लहानपणी कुठल्याही तालमीच्या दारात उभं राहिलं की लंगोटावरची वीसपंचवीस शरीरं दिसायची, त्यात काटक असायचे, दांडगे असायचे, आणि जो सगळ्यात मोठा पैलवान त्याला बहुतेक वेळा पोट असायचं, मांड्या एकमेकींना घासायच्या, कान मोडलेले. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचे फोटो बघा, त्यांच्या अंगावर कुठं सिक्स पॅक शोधणार तुम्ही? आणि त्यांच्या ताकदीबद्दल कुणी शंका घेईल काय? आता त्याच वयाची पोरं जिममध्ये आरशापुढं उभी असतात आणि ज्या फोटोशी स्वतःला ताडून बघतात त्या फोटोतल्या माणसानं शूटच्या आधी पाणी तोडलेलं असतं, मीठ बंद केलेलं असतं, फ्रेमच्या बाहेर डंबेल्स मारून शिरा फुगवलेल्या असतात आणि लाईट बाजूनं घेतलेला असतो. तो माणूस स्वतःच दोन दिवसांनी तसा दिसत नाही.

बायकांचं पण तसंच होतं थोडंफार. नदीवर, न्हाणीत, बाळंतिणीच्या खोलीत, मोठ्या घरात चुलत्या-आत्या-आज्यांची शरीरं पोरींच्या नजरेला पडायची, ओघळलेली, सुरकुतलेली, पोटावर रेघा असलेली. मी जुना काळ चांगला होता असं म्हणत नाहीये, त्या काळात बाईच्या इच्छेला कोण विचारत होतं. पण साधं शरीर दिसायचं. आता आपण आयुष्यात जेवढी उघडी शरीरं बघतो त्यातली जवळजवळ सगळी कुणीतरी दुरुस्त केलेली असतात, आणि मग आपलं स्वतःचं न दुरुस्त केलेलं शरीर हा एकमेव अपवाद वाटायला लागतो.

फिजी बेटांवरचं एक संशोधन यासाठी मला फार बोलकं वाटतं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. त्याआधी तिथं भरलेलं अंग म्हणजे घरच्यांनी नीट सांभाळलेलं माणूस, अगदी आपल्याकडं कुणी चार किलो वाढून आलं की आजी 'तब्येत सुधारली गं' म्हणायची तसं. हार्वर्डच्या अॅन बेकर यांनी टीव्ही आला तेव्हा आणि नंतर १९९८ मध्ये शाळेतल्या मुलींची पाहणी केली. वजन कमी ठेवायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली १९९५ ला एकही नव्हती, तीन वर्षांनी शंभरातल्या अकरा होत्या. तीन वर्षं फक्त. आणि तो नुसता टीव्ही होता, त्यात स्वतःचा चेहरा टाकून बघायची सोय नव्हती. आपल्याकडं आता आजीसुद्धा तसं म्हणत नाही, म्हटलं तर पोरगी दोन दिवस जेवत नाही.

स्वतःचा चेहरा टाकून बघायची सोय, यावरून मी आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण माझ्या मते धोका इथं सगळ्यात मोठा आहे. हिरॉईनचं पोट सपाट असलं तर मनाला समजावता येतं की ती वेगळी, तिचा ट्रेनर वेगळा. पण फोटोतलं सपाट पोट तुमचंच असेल तर?

आमच्याकडं एक बाई सातव्या महिन्यात मॅटर्निटी शूटला आली होती. तिला विचारूनच हे लिहितोय. पोटावर हात ठेवून खिडकीतून येणाऱ्या उजेडातला फोटो, खरंच सुंदर आला होता. पोटावर रेघा होत्या, निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना येतात. मी त्या पुसल्या. तिनं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, सवयीनं हात गेला. नवऱ्यानं हौसेनं मोठी फ्रेम करून बेडरूममध्ये लावली. दीड वर्षानं बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा अल्बम न्यायला ती आली तेव्हा काउंटरवर माझी बायको बसली होती. दोघी बोलत बसल्या आणि बोलता बोलता ती म्हणाली, 'वहिनी, फोटोत रेघा नव्हत्या ना, म्हणून मला वाटलं होतं बाळंतपणानंतर जातील. गेल्याच नाहीत. आता त्या फ्रेमसमोर मला यांच्यापुढं साडी पण बदलावीशी वाटत नाही.'

बायकोनं मला हे रात्री सांगितलं. ती रागावली नव्हती, नुसतं सांगितलं आणि मला माझे बनियनचे दिवस आठवले. मी त्या बाईला तिच्याच शरीराची खोटी साक्ष दिली होती. तिची तुलना कुठल्या नटीशी नव्हती, मी बनवलेल्या तिच्याशी होती, आणि ती स्पर्धा तिला कधीच जिंकता येणार नव्हती, कारण ती फ्रेममधली बाई अस्तित्वातच नव्हती आणि तिच्या नवऱ्याच्या डोक्याशी रोज टांगलेली होती. दुसऱ्या दिवशी मी जुनी हार्डडिस्क काढून मूळ फोटो शोधला, प्रिंट काढून तिच्या घरी नेऊन दिला, पैसे घेतले नाहीत. तो त्यांनी लावला का नाही मी विचारलं नाही, तो त्यांचा प्रश्न.

त्यानंतर आम्ही आमच्याकडं एक नियम केला. चार दिवसांत आपोआप जाणारी गोष्ट, म्हणजे पुटकुळी, डास चावलेला, रडून सुजलेले डोळे, ती काढायची. शरीरावर कायम राहणारी गोष्ट, रंग, तीळ, व्रण, पोट, रेघा, कोडाचा डाग, टक्कल, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. विचारायचं पण ज्याचं शरीर आहे त्यालाच, आईला नाही, सासूला नाही, नवऱ्याला नाही. आणि त्यानं हो म्हटलं तर मुकाट्यानं करून द्यायचं, लेक्चर द्यायचं नाही. भाजल्याचा व्रण लग्नाच्या फोटोत नको वाटणाऱ्या मुलीला मी कोण शहाणपणा शिकवणार. माझा विरोध एडिटिंगला नाहीये, माझा विरोध ते आपोआप होण्याला आहे, कारण आपोआप होणाऱ्या गोष्टीत 'तू जसा आहेस तसा चालणार नाहीस' हे वाक्य न बोलता बोललं जातं. काही गिऱ्हाइकं तुटली, हे खरं आहे. एक मावशी तर अल्बम टेबलावर आपटून गेल्या.

आणि हे अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये. २०२० मध्ये गूगलनं त्यांच्या पिक्सेल फोनमध्ये सेल्फीचं रिटचिंग आधीपासून बंद ठेवायचं ठरवलं, पाहिजे त्यानं चालू करावं, आणि त्या ऑप्शनच्या नावातून 'ब्यूटी' वगैरे शब्दही काढले. एवढीच गोष्ट प्रत्येक फोन कंपनीनं करावी, प्रत्येक अॅपनं करावी, सरकारनं त्यांना ती करायला लावावी अशी माझी मागणी आहे. खरेदी केल्याक्षणी जो फोन मला माझा चेहरा खोटा दाखवतो त्यानं माझी परवानगी घेतलेली नाही.

जाहिरातींसाठी वेगळं पाहिजे. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक-जाड केलेल्या जाहिरातीवर तसं लिहावं लागतं. नॉर्वेत २०२१ मध्ये कायदा झाला, २०२२ च्या जुलैपासून लागू, त्यात पैसे घेऊन पोस्ट टाकणारे इन्फ्लुएन्सर पण येतात. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर अशा लेबलनं बघणाऱ्याला फार बरं वाटतं असं संशोधनात दिसत नाही, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, माझ्या बनियनची गोष्ट तेच सांगते, माहिती असून भागत नाही. तरी मला लेबल पाहिजे. कारण ते लेबल बघणाऱ्यापेक्षा करणाऱ्याला जास्त टोचतं. माझ्या प्रत्येक फोटोखाली 'या बाईचं पोट आत ढकललेलं आहे' असं छापावं लागलं असतं तर मी ते पहिल्या वर्षीच बंद केलं असतं.

पण याच्या आधी जे व्हायला पाहिजे ते म्हणजे पोरांशी बोलणं, आणि तिथं आपण महाराष्ट्रानं जे केलंय ते मला फार लागतं. याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी प्राध्यापकाची नोकरी घालवली, १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. लोक त्यांना पत्रं लिहून आपल्या शरीराच्या शंका विचारायचे आणि ते छापून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. केस हरले. पण दोघांचं म्हणणं हेच होतं ना, की माणसानं आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळालं पाहिजे, त्यात घाण काही नाही. आणि त्याच राज्यात २००७ मध्ये आमदारांच्या गदारोळानंतर शाळेतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं, आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणून. त्या वर्षी जी पोरं आठवीत होती ती आज तिशीत आहेत. त्यांची लग्नं मीच शूट केलीत. शाळेनं उत्तर दिलं नाही, घरानं दिलं नाही, मग जे उरलं त्यानं दिलं, भिंतीवरच्या वैद्यानं, पॉर्ननं, आणि आमच्यासारख्या स्लायडरवाल्यांनी.

आठवीतल्या पोराला छातीबद्दल, पोरीला अंगावरच्या केसांबद्दल, दोघांना रंगाबद्दल, मापांबद्दल, एकमेकांची शरीरं एकसारखी नसतात याबद्दल, शाळेत एखाद्या डॉक्टरनं किंवा ट्रेनिंग घेतलेल्या शिक्षकानं वर्षाला चार तास बोलावं, याच्यात संस्कृती कुठं बुडते मला कळत नाही. लग्नाआधी आपण पत्रिका बघतो, हॉल बघतो, डीजे बघतो, प्रीवेडिंगला गोव्याला जाऊन माझ्यासारख्याला पन्नास-साठ हजार देतो. त्या दोघांना एकत्र बसवून कुणी एवढं तरी सांगतं का की पहिल्या रात्री काही झालं नाही तरी चालतं, लाज वाटली तर ती एकमेकांना सांगा?

आमच्या ऑर्डर फॉर्मवर आता खाली तीन ओळी आहेत. चेहऱ्यात किंवा शरीरात काही बदल करायचे का. असल्यास नेमके कुठे. आणि तिसरी, हे कोणी भरलं, सही. बहुतेक जण पहिल्यांदा ते वाचून थांबतात, पेन हातात धरून एकमेकांकडं बघतात, नवरा म्हणतो काय लिहू, ती म्हणते तुमचं तुम्ही लिहा, माझं मी लिहिते. गेल्या महिन्यात एका फॉर्मवर आईच्या अक्षरात 'थोडा ग्लो' असं लिहिलेलं होतं आणि त्याच्यावर दुसऱ्या पेनानं काट मारून खाली पोरीनं लिहिलं होतं, 'नको. सही माझी.' फॉर्म एका पानाचा आहे, मराठीत आहे, ज्या फोटोग्राफर मित्रांना पाहिजे त्यांनी बिनधास्त मागून घ्या, तुळशीच्या लग्नाच्या आत छापून घेतला तर याच सीझनला वापरता येईल.